कांदळाचं फूल कुठे येतं: खाडीकाठच्या एका गावाची नोंदवही आणि मोबाइलमधलं ॲप

सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात खाडीला लागून एक गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे खवल्या मांजराचा विषय येईल तिथे कळेल. या गावच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात लोकजैवविविधता नोंदवही होती. जाड पुठ्ठ्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आत झाडं, पक्षी, मासे यांच्या लांबलचक याद्या. कांदळवनाच्या पानावर निपा पामचं नाव होतं. निपा म्हणजे बंगालचा गोलपाता. सुंदरबनात त्याच्या झावळ्यांनी घरं शाकारतात. देवगडच्या खाडीत तो कोणी पाहिलेला नाही. त्याच्या खालच्या ओळीत हेरिटिएरा फोम्स, म्हणजे ज्या सुंदरी झाडांचं ते बन, ती सुंदरी. आणि गावातली पोरं ज्या झाडावर चढून भरतीच्या पाण्यात उड्या मारतात ती पांढरी चिप्पी, जिला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, ती यादीत नव्हतीच.

अशी वही तयार होण्यामागे कोणाचा दुष्टावा नव्हता, घाई होती. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने आणि त्याखालच्या 2004 च्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने गावकऱ्यांशी बोलून केलेली नोंदवही, या दोन गोष्टी मागितल्या. मूळ कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात रुजवली होती: गावाला जे माहीत आहे ते गावानेच लिहावं. पुढे बरीच वर्षं काम रेंगाळलं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं आणि लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली. त्यानंतर राज्याला दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. मग काय व्हायचं ते झालं. या गावची वही बाहेरच्या माणसांनी तयार करून आणली, समितीने सह्या केल्या, कपाटाला कुलूप लागलं.

नव्या समितीच्या अध्यक्ष वहिनी बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या. पावतीशिवाय खर्च मान्य न करणाऱ्या. वही वाचून त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, “नाव आसा, पण झाड खंय आसा ता लिवलेला नाय. मगे चूक म्हणान ठरयतलंव कशी?”

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि तो तंत्रज्ञानाचा नव्हता. जुन्या वहीतलं नाव खोडायलाही आधार नव्हता. निपा इथे नाही, हे गावाला ठाऊक होतं. पण वहीतल्या झुंबर, किरकिरी या कांदळवनातल्याच झाडांचं काय? असतील, नसतील. लिहिणाऱ्याने कुठलं झाड बघून ते नाव लिहिलं, याचा काही पत्ताच नव्हता.

कोणतं ॲप, आणि का

गावातली अकरावी-बारावीची आणि कॉलेजची दहा-पंधरा मुलंमुली कामाला तयार झाली. बरोबर मी होतो, तालुक्याच्या ठिकाणी वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर होते. पहिली चर्चा ॲपवरून झाली, कारण प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं काहीतरी होतं.

गुगल लेन्स सगळ्यांकडे होतं. झाडावर धरलं की नाव येतं. बागेतल्या शोभेच्या झाडांना ते बरं. पण नाव वाचलं की विषय संपला. कोणी, कुठे, कधी बघितलं याची इतरांना तपासता येईल अशी नोंद मागे राहत नाही. वहिनींच्या भाषेत, पावती नाही.

प्लांटनेटचं एक वैशिष्ट्य आम्हाला फार आवडलं. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी 2009 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. फोटो देताना तो विचारतो: हे पान आहे, फूल आहे, फळ आहे, की खोड? साधा प्रश्न, पण त्यामुळे मुलांच्या लक्षात येतं की झाडाचा ‘एक छान फोटो’ अशी काही चीज नसते. प्रत्येक अवयवाचा वेगळा फोटो लागतो. अडचण एवढीच की त्यात फक्त वनस्पती. नोंदवहीत तर कुर्लीपासून कोल्ह्यापर्यंत सगळं यायला हवं होतं.

इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल 2008 पासूनचं, भारतातलं, आणि त्यावर आपल्याकडच्या वनस्पती जाणणारी माणसं आहेत. सरांचा कल तिकडे होता. शेवटी मुलांच्या हाताला जे सोपं पडलं ते ठरलं: आयनॅचरलिस्ट. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून जन्मलेलं, 2023 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालणारं. 2017 पासून त्यात फोटो बघून नाव सुचवणारी यंत्रणा आहे. पण आम्ही ते निवडलं ते सुचवण्यासाठी नव्हे. फोटो, तारीख, नकाशावरचा ठिपका, आणि कोणी काय नाव दिलं, कोणी ते खोडलं, का खोडलं, हा सगळा इतिहास एका पानावर शाबूत राहतो, म्हणून.

पक्ष्यांसाठी मुलांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन घेतलं. 2021 पासून ते आवाजावरूनही पक्षी सुचवतं. आवाजाचं आलेखासारखं चित्र तयार होतं आणि यंत्र त्या चित्रातला नमुना ओळखतं. म्हणजे तेही एका अर्थी ‘बघतंच’. पहाटे आगरात फोन ठेवून एकेका पक्ष्याचं नाव पडद्यावर उजळताना बघायला मुलांना एवढी मजा यायची की काही दिवस कोणी खाजणात यायलाच तयार नव्हतं.

पहिली फेरी

सुकतीच्या वेळा बघून मुलं चिखलात उतरली. मारांडी पहिल्या झटक्यात ओळखली गेली: काटेरी कडांची पानं, निळं-जांभळं फूल, दुसऱ्या कशाशी गल्लत होण्यासारखं काही नाही. चिप्पीही. तिवराच्या बाबतीत थोडी ओढाताण झाली, कारण इथे दोन प्रकारचे तिवर शेजारी शेजारी. एकाचं पान टोकाला निमुळतं आणि खालून पांढुरकं, तो ॲव्हिसेनिया मरीना. दुसऱ्याचं टोक गोल आणि पानाची खालची बाजू पिवळट हिरवी, तो ऑफिसिनॅलिस. पान उलटं करून फोटो काढायचा, एवढं कळल्यावर तो तिढा सुटला.

एका मुलाने हुऱ्याची फांदी मोडली आणि पांढरा चीक हाताला लागला. गावातल्या, रोज खाडीत उतरणाऱ्या एक काकी जवळच होत्या म्हणून लगेच ओरडल्या आणि हात धुवायला लावला. हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. इंग्रजीत त्या झाडाचं एक नावच डोळे आंधळे करणारं असं आहे. फोटोसाठी फांदी मोडायची नाही, हा नियम त्या दिवसापासून झाला. ॲपमध्ये ही सूचना कुठे येत नाही.

खरा घोळ कांदळात झाला.

कांदळ म्हणजे रायझोफोरा. सिंधुदुर्गात त्याच्या दोन प्रजाती मिळतात: म्युक्रोनाटा, जो सगळीकडे दिसतो, आणि ॲपिक्युलाटा, जो मोजक्या ठिकाणी आहे. मुलांनी कांदळाचे फोटो काढले ते त्याच्या कमानीसारख्या मुळांचे. साहजिक आहे, तीच बघण्यासारखी. सुकतीच्या चिखलातून उठलेल्या त्या कमानी, मागे खाडीचं पाणी. फोटो कॅलेंडरवर छापावेत असे. ओळखीसाठी मात्र काडीचा उपयोग नाही, कारण मुळं दोघांची सारखीच.

ॲपने आपल्या परीने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. असे फोटो टाकले की ते आधी वर लिहितं की हे या जीनसमधलं (जवळच्या प्रजातींच्या गटातलं) असावं याची बऱ्यापैकी खात्री आहे, आणि मग खाली प्रजातींची यादी देतं. मुलांना जीनसवर थांबायचं नव्हतं. वहीत पूर्ण नाव हवं असतं ना! कोणी यादीतलं वरचं नाव उचललं, कोणी दुसरं, कोणी ज्याचा नमुना-फोटो आपल्या फोटोसारखा वाटला ते. मग एकमेकांच्या नोंदीवर ‘सहमत’ची बटणं दाबली गेली. आयनॅचरलिस्टवर नोंद ‘रिसर्च ग्रेड’ व्हायला तारीख, ठिकाण, पुरावा लागतो, जीव लावलेला-पाळलेला नसावा लागतो, आणि निदान दोन मतं असून दोन-तृतीयांशापेक्षा जास्त मतं एका प्रजातीवर जुळावी लागतात. म्हणजे काढणारा एक आणि त्याचा बाकावरचा दोस्त एक, की झाली रिसर्च ग्रेड. आठवड्याभरात गावच्या खाडीत ॲपिक्युलाटाची दाट वस्ती नकाशावर दिसू लागली.

याच्या जोडीला व्हॉट्सॲप. ज्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती त्यांनी फोटो ग्रुपवर टाकले आणि एका मुलीने घरी बसून ते सगळे चढवले. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यात दडलेली वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. मग ॲपला काय कळणार? एक अख्खा कांदळ तिच्या घराच्या मागल्या पडवीत उगवला. (फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हे पुढे सगळ्यांना पाठ झालं.)

दोनास एक

एका परक्या अभ्यासकाने, ज्याला आम्ही कोणी ओळखत नव्हतो, एका पाठोपाठ एक अशा बऱ्याच नोंदींवर आपलं मत टाकलं: फक्त ‘रायझोफोरा’, आणि खाली एक ओळ, फूल किंवा फुलाचा देठ दिसत नाही, प्रजाती सांगता येणार नाही. दोन मतं एका बाजूला, एक विरोधात. दोन-तृतीयांशापेक्षा जास्त होत नाही. नोंदी रिसर्च ग्रेडवरून खाली घसरल्या, जीनसवर आल्या. मुलांचा संताप झाला. “तो कोण कुठला, इथे आलाय का कधी?” एकाने तर आणखी चार मित्रांना खाती उघडायला लावून मतं टाकायची तयारी केली. सरांनी त्याला शांतपणे विचारलं, “मतं वाढली म्हणून कांदळ बदलतलो?”

मग काकींना विचारायचं ठरलं. काकी गाबीत वाडीतल्या, तिसऱ्या-मुळे (शिंपल्या) काढायला रोज खाडीत. गावच्या महिला गटाची कांदळाची रोपवाटिका आहे, तिच्यासाठी शेंगा गोळा करायचं कामही त्यांच्याकडे. शेंगा म्हणजे झाडावरच रुजून खाली लोंबणारे ते हिरवे दांडे, जे गळून चिखलात उभे रुततात. काकींनी फोनमधले मुळांचे फोटो बघितले आणि हसल्या.

“गो बाय, ह्या काय दाखवतंस? पाय बघून माणूस वळाखतंस काय तू?”

त्यांनी होडीतून आम्हाला आधी नेहमीच्या कांदळाकडे नेलं. फांदी वाकवून धरली. पान रुंद, टोकाला सुईसारखं ताठ टोक. पान उलटं केलं तर खाली बारीक काळे ठिपके. आणि फुलांचा झुपका पानांच्या बेचक्यातून निघालेला, लांब देठावर, पुन्हा फाटे फुटून खाली लोंबणारा. पाकळीच्या कडेला पांढरी लव. भिंगातून बघितली की लोकरीसारखी.

तिथून खाडीच्या आत, एक ओढा येऊन मिळतो त्या वळणावर. लांबून दोन्ही झाडं एकच. काकींनी पुन्हा फांदी धरली, पण या वेळी पानांच्या झुपक्याकडे बोट न दाखवता त्याच्या खाली, जिथली पानं गळून गेली होती त्या उघड्या दांड्याकडे दाखवलं. तिथे आखूड, जाड देठावर दोनच कळ्या. बाकी काही नाही. पाकळीला लव नाही. पान जरा अरुंद, गर्द.

“हेच्यो शेंगो आखूड,” काकी म्हणाल्या. “तेच्यो हातभर. पिशयेत लावताना आमी येगळ्यो काडतंव.”

म्युक्रोनाटाची शेंग अर्ध्या मीटरच्या पुढेही जाते, ॲपिक्युलाटाची त्याच्या अर्ध्याच्या आसपास. रोपवाटिकेत पिशवी भरणाऱ्या हाताला हा फरक कित्येक वर्षं माहीत होता. जुनी वही करायला आलेल्यांनी त्या हाताला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सरांनी वळणावरच्या झाडांचे फोटो क्रमाने काढून घेतले: कळ्यांची जोडी, देठ, पानाची खालची बाजू, शेंग आणि शेजारी पट्टी. ते चढवल्यावर त्याच परक्या अभ्यासकाने ॲपिक्युलाटावर शिक्का मारला. म्हणजे ती प्रजाती गावात होती. मुलांनी जिथे लिहिली होती तिथे नव्हती. एवढंच नव्हे, वळणावरच्या त्याच झाडांपैकी एकाला एका मुलीने आधी म्युक्रोनाटा म्हटलं होतं. दोन्हीकडून गफलत.

आता यातली खरी गोम बघा. मुलांच्या चुकीच्या नोंदी एकेक करून दुरुस्त करता आल्या. नकाशावरचा ठिपका उघडायचा, त्या झाडापाशी जायचं, फूल बघायचं, नवा फोटो जोडायचा, नाव बदलायचं. पडवीतल्या कांदळासकट बहुतेक नोंदी अशा मार्गी लागल्या. जुन्या वहीतलं ‘झुंबर’ कदाचित अगदी बरोबर असेल, पण ते बरोबर आहे हे आजही कोणाला सांगता येत नाही. माझ्या मते फोटो-ठिकाणासह लिहिलेलं चुकीचं नाव हे नुसत्या लिहिलेल्या बरोबर नावापेक्षा नोंदवहीच्या जास्त कामाचं. वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, शीटं याच कारणासाठी जपून ठेवत आले आहेत: नाव बदलत राहतं, वाळवलेली फांदी राहते.

कोणी विचारेल, कांदळ हा असो की तो, कायद्याने दोघांना सारखंच संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली ती प्रजाती विचारून घातलेली नाही. मग एवढा अट्टहास कशाला? रोपवाटिकेसाठी. जे झाड सगळीकडे आहे त्याचीच शेंग सहज मिळते, त्याचीच रोपं होतात, तीच लावली जातात. वळणावरची ती थोडी झाडं आता मातृवृक्ष म्हणून वहीत आहेत आणि गट त्यांच्या शेंगा वेगळ्या लावतो.

यंत्राला काय दिसतं

फोटो ओळखणारी यंत्रणा लोकांनी आधी टाकलेल्या फोटोंवर शिकते. एखाद्या प्रजातीचे साधारण शंभराच्या घरात फोटो जमल्याशिवाय ती आयनॅचरलिस्टच्या मॉडेलमध्ये शिरत नाही. वापरणारे लोक उत्तर अमेरिकेत आणि युरोपात जास्त, त्यामुळे तिकडची साधी रानफुलंही यंत्राला पाठ आणि आपल्या कातळावरची एखादी दुर्मीळ वनस्पती अनोळखी. 2023 पासून त्यात ठिकाणाचाही हिशेब धरला जातो: ही प्रजाती या भागात सापडण्याची शक्यता किती, हे बघून ‘जवळपास अपेक्षित’ अशी खूण येते. निपा पामसारखी गंमत त्यामुळे बऱ्यापैकी टळते. पण दोन्ही कांदळ जिथे अपेक्षितच आहेत तिथे ठिकाण सांगून काही निवाडा होत नाही. फूल दाखवलंच नाही तर यंत्र कुठून बघणार?

लव्हाळे आणि गवतं यांच्यापुढे तर सगळेच हात टेकतात. तिथे ॲप कुळापर्यंत येऊन थांबतं, आणि सर म्हणाले की त्यांनाही भिंग आणि पिकलेलं बी लागतं. आवाजाचंही तसंच. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत. आवाजावरून ओळखणाऱ्या कुठल्याही ॲपपुढे तो आपल्याच सुरात बोलेल याची खात्री नाही. म्हणून मर्लिनने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत घ्यायचा नाही असं ठरलं. पहाटेची यादी त्यामुळे निम्म्याहून खाली आली, आणि मुलांचा थोडा हिरमोड झाला.

काकींच्या पाटीतल्या कुर्लीची गोष्ट अशीच. चिखलातली कुर्ली म्हणजे स्कायला. पण स्कायला सेराटा की ओलिव्हेशिया, हे पाठीवरून काढलेल्या फोटोत नीट कळत नाही. नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या अंगाला काटे बघावे लागतात: सेराटाला दोन धारदार, ओलिव्हेशियाला एखादा, तोही बोथट. जिवंत कुर्लीच्या नांगीचा जवळून फोटो काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढला त्याच्या बोटाला विचारा.

खवल्या मांजराची नोंद

एका मुलाच्या काजूच्या बागेत रात्री खवल्या मांजर दिसलं. त्याने फोटो काढला आणि उत्साहाने चढवणार एवढ्यात वहिनींनी थांबवलं. खवल्या मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या खवल्यांसाठी कोकणात शिकार होते हे गावात सगळ्यांना माहीत. आयनॅचरलिस्ट अशा धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप झाकतं: अक्षांश-रेखांशाच्या 0.2 अंशाच्या चौकोनात, म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात, कुठेतरी ठिपका दाखवला जातो. पण गावातल्या माणसाला तेवढंही पुरतं. नोंदणाऱ्याचं नाव दिसतं, त्याच्या इतर नोंदी उघड्या असतात. त्या कुठे आहेत हे बघितलं की बाग सापडते. शिवाय फोटोच्या कोपऱ्यात गडग्याचा ओळखू येईल असा भाग होता.

समितीने ती नोंद ॲपवर टाकलीच नाही. वनविभागाला वेगळं कळवलं, आणि वहीत ठिकाणाच्या रकान्यात ‘समितीकडे बंद पाकिटात’ असं लिहिलं. दोन आमरींच्या (ऑर्किडच्या) बाबतीतही तेच केलं. उघडी माहिती बरी की झाकलेली, यावर मुलांमध्ये वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मला वहिनींची बाजू पटते. सगळ्या जगाला दाखवायची यादी आणि गावाची वही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ॲप जिथे कामाचंच नाही

लोकजैवविविधता नोंदवहीत पिकांचे स्थानिक वाण लिहायचे असतात. इथे एकही ॲप मदत करत नाही, कारण ती प्रजातीपाशी थांबतात. हापूस, पायरी आणि रायवळ, तिघांचं उत्तर एकच: मँजिफेरा इंडिका. भाताचे वाण घ्या, वालय काय, मुणगा काय, सोरटी काय, सगळ्यांचं उत्तर ओरायझा सटायव्हा. वर ते लावलेलं पीक म्हणून नोंद ‘कॅज्युअल’ ठरते आणि कोणी तिच्याकडे फिरकत नाही.

गावातले तात्या मात्र मुठीत दाणे घेऊन वाण सांगत होते. तुसाला कुसळ आहे का, तांदूळ लाल की पांढरा, किती दिवसांत तयार, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचलं तरी तग धरतो, पेजेला कुठला बरा. या माहितीसाठी मुलांनी तात्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि दाण्यांच्या छोट्या पुड्या नाव-तारखेसह एका बरणीत ठेवल्या. मुलांच्या सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, आणि त्यात कसलीही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती.

नव्या वहीचा साचा असा ठरला: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कोणी दाखवलं, कुठे, कधी, फोटो किंवा नमुन्याचा क्रमांक, आणि शेवटचा रकाना ‘ओळख कुठपर्यंत’. त्यात प्रजाती, जीनस किंवा कुळ, जे खरं ते लिहायचं. जुन्या वहीतल्या ज्या नावांना पुरावा मिळाला नाही ती खोडली नाहीत. ‘पडताळणी बाकी’ म्हणून वेगळ्या पानावर नेली. निपा आणि सुंदरबनातली सुंदरी यांच्यावर मात्र ग्रामसभेत एकमताने काट मारली.

सध्याची अडचण खात्यांची आहे. नोंदी मुलांच्या वैयक्तिक खात्यांवर आहेत आणि मुलं शिक्षणासाठी रत्नागिरी, कोल्हापूर, पुण्याला पांगली. एखाद्याने खातं बंद केलं की त्याच्या नोंदी फोटोंसकट जातील. म्हणून सगळ्या नोंदी एका प्रकल्पाखाली आणल्या आहेत, त्यांची यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घेतली जाते, मूळ फोटो ग्रामपंचायतीच्या संगणकावर आणि एका वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतात, आणि कांदळवनाची पानं छापून वहीला जोडली आहेत. ती हार्डडिस्क कोणाच्या ताब्यात राहणार, समितीच्या की ग्रामपंचायत कार्यालयाच्या, हा विषय पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.